कपडा उलटा करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘विंटेज’ कपड्यांवर जे पानभर आलं, ते मी दोनदा वाचलं. अमेरिका आणि युरोपातल्या स्विंग, म्हणजे नाचायच्या जॅझ संगीताच्या काळातले, म्हणजे साधारण १९३५ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंतचे कपडे हा त्याचा विषय. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये कटिंग आणि शिवणाची निदेशिका होते. कपड्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या तरी मी हातातलं काम ठेवून त्या वाचते. म्हणूनच दोन गोष्टी खटकल्या त्या कळवते आहे. एक फोटोची आहे आणि दुसरी एका वाक्याची. फोटोचं पटकन सांगून होईल, वाक्याला वेळ लागेल.

फोटोखाली ‘१९४०च्या दशकातला स्विंग ड्रेस’ असं छापलंय. चित्रातल्या मुलीच्या अंगात ठिपक्यांचा, पूर्ण गोल घेराचा ड्रेस आहे आणि आत जाळीचा फुगीर पेटीकोट आहे. हा ड्रेस पन्नाशीच्या दशकातला. असा भरघोस घेर परत आला तो ख्रिस्तियाँ दिओर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये आपले पहिले कपडे दाखवले त्यानंतर. कापडाचा हिशोबच करून बघा. २६ इंच लांबीचा पूर्ण गोल स्कर्ट ३६ इंच पन्ह्यात बेतायचा तर नुसत्या स्कर्टला साडेतीन वार कापड जातं. युद्धाच्या वर्षांत लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या शिंप्याला ते परवडणारं नव्हतं आणि काही काळ तर कायद्याने चालणारंही नव्हतं. त्या काळातला नाचाचा स्कर्ट गुडघ्याच्या जरा खाली संपतो आणि कळ्यांचा असतो. आपला सहा कळ्यांचा परकर जसा बेततात तसाच, एक कळी सुलटी, शेजारची उलटी, म्हणजे मधलं कापड वाया जात नाही. पावणेदोन वारांत बसतो. गिरकी घेतली की खालून छान उघडतो आणि थांबलं की गप्प अंगाला लागतो. कृपया फोटोओळ दुरुस्त करावी.

आता वाक्य. ती पिढी बेफिकीर होती, तिला युद्धाचं भान नव्हतं, म्हणून तिने असे ऐटबाज कपडे घातले, असं त्या लेखात म्हटलंय. हे वाचून मला वाईट वाटलं. लिहिणाऱ्याने ते कपडे बाहेरून पाहिले असावेत. मी एक कपडा आतून पाहिलाय, तोही माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगते.

माझी मुलगी लंडनला नोकरी करते. तिथे ती दर आठवड्याला लिंडी हॉप नाचायला जाते. लिंडी हॉप हा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या काळ्या तरुणांनी घडवलेला जोडीचा नाच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला येताना तिने तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेला एक ड्रेस बरोबर आणला. खरा युद्धकाळातला, गर्द वांगी रंगाचा, चौकोनी खांद्यांचा, डाव्या कुशीत उघडणारा. कापड हाताला थंड आणि जड लागत होतं, रेशमासारखं पडत होतं. काखेत जुना वास होता. मुलगी बाहेर गेलेली असताना मी तो रिठ्याच्या पाण्यात बुडवला. रेशमाला मी जन्मभर तेच करत आले.

ते रेशीम नव्हतं. रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, क्रेप होता. क्रेपचं सूत मुळातच अतोनात पीळ देऊन विणलेलं असतं. पाणी लागलं की सूत फुगतं आणि तो पीळ आखडतो. शिवाय रेयॉन ओलं असताना निम्म्यावर कमजोर होतं, त्यामुळे ओढून सरळ करायला जावं तर फाटतं. माझ्या हातात, बादलीतच, तो ड्रेस आखडत गेला. वाळल्यावर टेप लावली. लांबीत पाच इंच गेले होते आणि छातीत चार. ऐंशी वर्षं टिकलेला कपडा मी एका दुपारी घालवला. मुलगी काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने नीट जेवण केलं नाही, हे मला अजून आठवतं.

अंगात जाण्यासारखा तो राहिला नाही म्हणून तिच्या परवानगीने मी तो उसवायला घेतला, निदान त्याचा कागदी नमुना तरी काढून ठेवावा म्हणून. तीन संध्याकाळी गेल्या. आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत शिकले नाही ते त्या तीन संध्याकाळी शिकले.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरली ती माया. शिवणीच्या आत आपण पुढेमागे सैल करता यावं म्हणून जादा कापड सोडतो, त्याला आपण माया म्हणतो. माझ्या विद्यार्थिनींना मी कुशीत इंचभर तरी माया ठेवायला लावायचे, अंग सुटतं, बाळंतपणं होतात, कपडा पुढच्या बहिणीला जातो. या ड्रेसला जेमतेम तीन सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही कमी, माया होती. खालचा दुमड दीड इंचाचा. कड नागमोडी कात्रीने कापून तशीच सोडलेली, कारण कड दुमडायचीही चैन नको. कुशीला धातूची चेन नव्हती. पाच टिचबटणं आणि एक हुक. खिशाचा बाहेर दिसणारा ओठ वांगी कापडाचा होता, आतली पिशवी मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी निळ्या सुती कापडाची. खांद्याच्या पॅडमध्ये कापसाऐवजी कातरणं भरलेली. आणि या सगळ्यात टाका मात्र इतका सरळ आणि बारीक की मी परीक्षेला त्या बाईला पैकीच्या पैकी गुण दिले असते. काटकसर कापडात होती, हातात नव्हती.

मानेच्या मागे छोटी पट्टी होती. तिच्यावर कडेचा तुकडा कापून घेतल्यासारखी दोन गोल सी अक्षरं आणि पुढे ४१. लंडनमधले लोक या खुणेला चीजचे गोळे म्हणत, कारण चीजच्या वाटोळ्या गोळ्यातून फोड कापून घ्यावी तशीच ती दिसते. ही ब्रिटिश सरकारच्या ‘युटिलिटी’ कपड्यांची खूण. रविवार, १ जून १९४१ला ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग जाहीर झालं. व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन यांनी ते रेडिओवरून सांगितलं. आधी कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता, नाहीतर दुकानं रातोरात रिकामी झाली असती. कपड्यांची कुपनं छापूनही झाली नव्हती, म्हणून पहिल्यांदा लोकांनी मार्गारीनची उरलेली कुपनं वापरली. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं होती. लोकरीच्या ड्रेसला ११, सुती किंवा रेयॉनच्या ड्रेसला ७, पायमोज्यांच्या जोडीला २. पुढे कुपनं कमी कमी होत गेली. रेशनिंग उठलं ते १९४९च्या मार्चमध्ये, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ चार वर्षांनी. तेव्हा माझ्या मांडीवर उसवलेला होता तो ड्रेस एका बाईच्या सात कुपनांचा होता. तिने त्या वर्षी आणखी काय घ्यायचं टाळलं असेल, याचा विचार टाके काढताना मनातून जात नव्हता.

१९४२ मध्ये तर शिवणावरच नियम आले. ड्रेसला किती बटणं, किती खिसे, किती चुण्या, हे सरकारने ठरवलं. पुरुषांच्या पॅन्टला खाली पलटी घालायला बंदी झाली. ही बंदी पुरुषांना सगळ्यात जास्त लागली. ते मुद्दाम लांब पॅन्ट विकत घेत आणि घरी बायकोकडून पलटी दुमडून घेत. आणि तरी याच सरकारने एक शहाणपण केलं, ते मला फार आवडतं. स्वस्त कपडा म्हणजे गबाळा कपडा नव्हे, म्हणून नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीझ, डिगबी मॉर्टन अशा लंडनच्या नामवंत शिंप्यांकडून युटिलिटीचे नमुने काढून घेतले. राणीचे कपडे शिवणारा हात आणि कारखान्यातल्या कामगार बाईचा ड्रेस बेतणारा हात एकच. त्यातले काही मूळ नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहेत. आपण कधी असा विचार केला का, हे मला आपल्या गणवेश ठरवणाऱ्या समित्यांना विचारावंसं वाटतं.

अमेरिकेत रेशनिंगची कुपनं कपड्यांना नव्हती, पण ८ एप्रिल १९४२ला तिथल्या युद्ध उत्पादन मंडळाने एल-८५ नावाचा हुकूम काढला. स्कर्टचा खालचा दुमड दोन इंचांपेक्षा जास्त नको. जाकीट २५ इंचांपेक्षा लांब नको. वरून लावलेले खिसे नकोत, फुग्याच्या बाह्या नकोत. डलासच्या नीमन मार्कस या दुकानाचे स्टॅन्ली मार्कस मंडळाचे सल्लागार होते. त्यांचा हेतू नुसतं कापड वाचवण्याचा नव्हता. फॅशन जागच्या जागी थांबली तर बाईला तिचे गेल्या वर्षीचे कपडे जुने वाटणार नाहीत आणि ती नवे घेणार नाही, असा तो विचार होता. मला हे वाचून थक्क व्हायला झालं. आज दर दोन महिन्यांनी जुनं वाटायला लावण्यावर सगळा धंदा चालतो, आणि इथे एक अख्खा देश बायकांना जुनं वाटू नये म्हणून कायदा करतो. लग्नाचा झगा, गरोदरपणातले कपडे, तान्ह्या बाळाचे कपडे आणि धर्मगुरूंची वस्त्रं यांना मात्र या हुकमातून सूट होती. एवढी माया कायद्यालाही ठेवावी लागली.

पायमोज्यांचंही तेच. नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विकायला आले ते १५ मे १९४०ला, आणि दोन वर्षांत सगळं नायलॉन पॅराशूट आणि दोरखंडांना गेलं. मग बायका उघड्या पायांना रंग लावत आणि पोटरीवर भुवईच्या पेन्सिलने मागची शिवण रेखत. शेजारणीकडून रेखून घ्यावी लागे, स्वतःच्या पोटरीवर सरळ रेघ येत नाही. हे मी करून बघितलंय.

म्हणजे ज्याला आपण त्या काळाची ‘फॅशन’ म्हणतो, ते चौकोनी खांदे, तो गुडघ्याशी थांबणारा स्कर्ट, ती चिंचोळी कंबर, यातलं कितीतरी मोजपट्टीने ठरलेलं होतं. कायद्यात बसेल एवढ्या कापडात एखाद्या मुलीला शनिवारी रात्री नाचता यावं, हे गणित कुणीतरी शिंपिणीने सोडवलेलं होतं. हे सोडवलेलं गणित मला मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत सापडलं. त्या ड्रेसचा मुंढा फार उंच होता, थेट काखेत लागणारा. आजच्या तयार कपड्यांचा मुंढा मोठा आणि खाली उतरलेला असतो, सगळ्यांना बसावा म्हणून. त्यात हात वर केला की अख्खा कपडा वर येतो. मुंढा उंच आणि घट्ट असेल तर हात वर गेला तरी कंबर जागची हलत नाही. आपल्या आज्यांच्या चोळीत काखेत चौकोनी तुकडा घालत, तोही याचसाठी, जात्यावर आणि मुसळावर हात चालले पाहिजेत म्हणून. माझी मुलगी म्हणाली, ‘आई, हा ड्रेस घालून नाचताना काही ओढल्यासारखं वाटायचंच नाही.’ तेव्हा मला त्याचं कारण ठाऊक नव्हतं. उसवल्यावर कळलं.

हार्लेममध्ये लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर सॅव्हॉय नावाचं मोठं नाचघर होतं, १९२६ ते १९५८. तिथे काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत, जे त्या वेळच्या अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी चालायचं. फ्रँकी मॅनिंग यांनी जोडीदारणीला पाठीवरून उलटी फेकून परत पायांवर उतरवण्याची पहिली हवेतली उडी तिथेच आणली, तीसच्या दशकाच्या मध्यावर. अशी उडी ज्या कपड्यात घेता येते, त्या कपड्याला ‘ऐटबाज’ म्हणून सोडून देता येत नाही.

आणि आता झूट सूट. लेखातलं ते वाक्य मुख्यतः याच्याबद्दल होतं, म्हणून मी त्याला हात घालते.

झूट सूट म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा कोट, रुंद भरलेले खांदे, आणि बरगड्यांपर्यंत चढणारी, मांडीत ढगळ, घोट्याशी एकदम आवळलेली पॅन्ट. हा घालणारे बहुतेक जण काळे, मेक्सिकन वंशाचे, फिलिपिनो असे गरीब वस्त्यांमधले तरुण होते. पुढे काळ्यांचे नेते झालेले माल्कम एक्स यांनी १९४०च्या सुमाराला बॉस्टनमध्ये असा सूट उधारीवर घेतला होता. त्यांनी त्याची मापं सांगून ठेवलीयत. गुडघ्याशी ३० इंच आणि खाली १२. ही मापं वाचल्यावर माझ्याच्याने राहवेना. मांजरपाट आणलं आणि भाच्याच्या मापाने तशी पॅन्ट बेतली. ३० इंच गुडघा म्हणजे एकेका पायाला जवळजवळ आपल्या परकराच्या अर्ध्या घेराइतकं कापड. अडचण आली ती खाली. भाच्याच्या टाचेवरून चवड्याच्या वळणापर्यंत टेप फिरवली तर १३ इंच भरले. १२ इंचांतून १३ इंचांची टाच जात नाही. आतल्या शिवणीत चीर ठेवून टिचबटणं लावावी लागली. पण एकदा घालून तो खोलीभर फिरला, दोन गिरक्या घेतल्या, तेव्हा कळलं. कापड गुडघ्याशी घंटेसारखं डोलतं आणि घोट्याशी आवळलेलं असल्यामुळे पायात अडकत नाही. पावलं लख्ख दिसतात. नाचणाऱ्याच्या अंगासाठीच ती बेतलेली आहे.

१९४२ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या लोकरी कपड्यांवरही बंधनं आली. पलटी नको, डबल ब्रेस्टच्या सुटाबरोबर बंडी नको. झूट सूट या नियमांत बसणं शक्यच नव्हतं. तो चोरून शिवून देणारे शिंपी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये होतेच. आणि मग ३ जून १९४३ला लॉस एंजेलिसमध्ये नौदलाचे खलाशी वस्त्यांत शिरले. आठवडाभर खलाशी आणि सैनिक टॅक्स्या भरभरून येत होते. रस्त्यात, ट्राममध्ये, सिनेमाघरात दिसेल त्या झूट सूटवाल्या पोराला बाहेर खेचायचं, मारायचं, आणि अंगावरचा सूट काढून फाडायचा किंवा जाळायचा. पोलिसांनी शेकड्यांनी पकडले ते मार खाल्लेलेच. अखेर लष्करानेच आपल्या लोकांना शहरात जायला बंदी केली तेव्हा ते थांबलं. नगर परिषदेने त्यानंतर ठराव केला तो झूट सूट घालण्याच्या विरोधात.

या पोरांना युद्धाचं भान नव्हतं असं आपल्या पुरवणीत छापून आलंय. याच वस्त्यांमधली किती तरी मुलं त्या वेळी सैन्यात होती. ज्या देशात त्यांना चांगल्या हॉटेलात बसू देत नव्हते, त्या देशाने त्यांना सांगितलं, कापड वाचवा. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या आयुष्यातला एकमेव चांगला सूट, उधारी फेडत फेडत, पुरेपूर कापडाचा शिवून घेतला. हे बरोबर की चूक यावर दोन मतं असू शकतात, तेव्हाही होती. पण ती बेफिकिरी नव्हती. रस्त्यावर अंगातून कपडा ओरबाडला जाणार हे माहीत असून तो घालून बाहेर पडणारा माणूस बेफिकीर कसा?

आणि हे एकट्या लॉस एंजेलिसात घडलं नाही. त्याच सुमाराला जर्मनीत हॅम्बुर्गची स्विंग ऐकणारी पोरं लांब इंग्लिश पद्धतीचे कोट घालायची, केस वाढवायची. जानेवारी १९४२ मध्ये नाझी पोलीसप्रमुख हिमलरने त्यांच्या म्होरक्यांना छळछावणीत धाडण्याचं लेखी सांगितलं. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये झाझू म्हणवणारे तरुण लांब जाकीट घालायचे, त्यांना फॅसिस्ट पोरांच्या टोळ्या गाठून त्यांचे केस भादरत. एकमेकांशी लढणाऱ्या देशांत कोटाची लांबी हा अपराध ठरला होता. लॉस एंजेलिसचा हल्ला आणि नाझींचा छळ मी एका तराजूत तोलत नाही. पण तिन्ही ठिकाणी पोरांच्या अंगावरचा कोट बघून त्यांना ओळखलं आणि मारलं, एवढं खरं आहे. खरे, त्या काळातले झूट सूट आज जगात अगदी मोजके उरलेत. लॉस एंजेलिसच्याच कला संग्रहालयाने त्यातला एक मिळवून ठेवलाय, हे मला बरं वाटतं.

आपल्याकडचा याचा धागा लेखात आला नाही, तो थोडक्यात जोडते. हे संगीत मुंबईत तेव्हाच पोहोचलं होतं. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला काळ्या अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, त्यांचा शेवट कलकत्त्यात १९४५ मध्ये झाला. त्यांचं ऐकून आणि त्यांच्या बरोबर वाजवून आपले गोव्याचे वादक तयार झाले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ त्यातले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी हेच वादक घेऊन स्विंगचा ताल हिंदी सिनेमात आणला, त्यावर आपली आई-आजीची पिढी डोललेली आहे. आणि ब्रिटनमधल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बाया जी डंगरी घालत, तो शब्दच मुळी मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला आहे.

पण त्याच वर्षांत मुंबईच्या गिरण्या सैन्याच्या खाकीसाठी चालत होत्या आणि १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आलं. माझी आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द तिच्या तोंडी अखेरपर्यंत होता. आजीने रांगेत उभं राहून आणलेल्या कापडात आईचा फ्रॉक आणि मामाचा सदरा एकत्र बेतला होता, एकाच कापडाचे दोघं सणाला फिरत. फ्रॉकची बाही मामाच्या सदऱ्याच्या काखेतल्या तुकड्यातून निघाली, असं आई सांगायची. दोन सी आणि ४१ची ती पट्टी हातात घेतल्यावर मला आधी आठवलं ते हे. लंडनमधली ती अनोळखी बाई आणि सांगलीतली माझी आजी, दोघींनी एकाच वर्षात कापड वाचवायला कात्री सारखीच चालवली होती. फरक एवढाच की आजीच्या फ्रॉकचा नमुना कुणी जपून ठेवला नाही.

ज्या वाचकांच्या घरी ट्रंकेत असे जुने कपडे असतील, आजीचा जॉर्जेटचा ब्लाऊज, आजोबांचा युद्धात घेतलेला कोट, त्यांना हात जोडून विनंती. आधी तो पाण्यात घालू नका. क्रेप असेल तर अजिबात नको. हँगरला टांगू नका, खांद्यातून उसवतो. घड्यांमध्ये जुन्या धुतलेल्या मलमलीचे बोळे घालून आडवा ठेवा आणि सहा महिन्यांनी घडी बदला. डांबराची गोळी कापडाला टेकवू नका. आणि एकदा तरी तो उलटा करून, उजेडात धरून, शिवणी बघा. कुणी उसवून सैल केलाय का, कुणी आखूड केलाय का, कुठे दुसऱ्या रंगाचा दोरा आहे का. असेल ते कागदावर लिहून कपड्यातच ठेवा.

संपादक महोदय, पुढचं लिखाण छापताना कपड्याच्या आतल्या बाजूचाही एक फोटो द्यावा, ही विनंती. जागा कमी असेल तर पुढच्या बाजूचा गाळला तरी चालेल.

त्या वांगी ड्रेसच्या नमुन्यावरून मी मुलीला तसाच नवा शिवून पाठवला. सुती आहे, धुता येतो. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, तोच मुंढा, त्याच सहा कळ्या, कुशीला पाच टिचबटणं. माया मात्र दीड इंच सोडली.

आपली,
एक वाचक (निवृत्त शिवण निदेशिका), सांगली